तेच मागणं, पुन्हा उद्या

आमच्या सोलापुरातल्या चर्चमध्ये रविवारची भक्ती संपली, की दारापाशी चपला शोधता शोधता मंडळीत नव्याने येऊ लागलेलं कुणीतरी हळूच विचारतं, "काका, तीन महिने झाले, रोज प्रार्थना करतोय. अजून किती दिवस करायची?" विचारणारा कधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा असतो, कधी विड्या वळणारी मावशी, कधी जुळे सोलापुरातून स्कूटीवर येणारी बँकेतली मुलगी. प्रश्न मात्र तोच. मी पाळक (पास्टर) नाही. शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनासभेत सतरंज्या अंथरायच्या आणि शेवटी चहाचे कप गोळा करायचे, हे माझं वीसेक वर्षांचं काम. पण या प्रश्नाचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या विधवेची गोष्ट नीट वाचा

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा १८वा अध्याय उघडा. पहिली आठ वचनं. एका गावात एक न्यायाधीश आहे, तो ना देवाला भितो ना माणसांची पर्वा करतो. एक विधवा त्याच्याकडे हेलपाटे घालते, "माझा न्याय करा." तो बरेच दिवस टोलवतो. शेवटी वैतागून म्हणतो, ही बाई मला जेरीस आणेल, त्यापेक्षा न्याय देऊन टाकतो. मूळ ग्रीकमध्ये इथे जो शब्द आहे तो मुष्टियुद्धातला आहे, डोळ्याखाली ठोसा मारणं अशा अर्थाचा. म्हणजे ही बाई आपला डोळा काळानिळा करील, अशी भीती त्या साहेबाला वाटते! येशूचे दाखले ऐकताना लोक हसत असणार असं मला नेहमी वाटतं. आपण मात्र ते तोंड लांब करून वाचतो.

सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण इथेच नवीन माणूस फसतो. त्याला वाटतं, देव म्हणजे तो न्यायाधीश, टेबलामागे बसलेला. आपण दमेपर्यंत चकरा मारल्या की एक दिवस कंटाळून सही करील. येशूचा रोख बरोबर उलटा आहे. असला नालायक माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, तर जो बाप आहे तो आपल्या लेकरांचं ऐकणार नाही का, असा त्याचा सवाल आहे. अकराव्या अध्यायातही हीच तऱ्हा. मध्यरात्री एक मित्र दार ठोठावतो, पाहुणा आलाय, तीन भाकरी दे. आतला म्हणतो, दार लावलंय, पोरं झोपलीत, मला उठवू नकोस. तरी तो उठतो, ते मैत्रीखातर नव्हे. बाहेरच्याने लाज सोडलीय म्हणून. मराठीत आपण तिथे 'आग्रह' वाचतो. ग्रीक शब्दाचा रांगडा अर्थ निलाजरेपणा असा आहे. आपल्याकडेही दारात पाहुणा उभा असला आणि टोपलीत भाकरी नसली, की शेजारच्या वहिनींकडे आपण कोणत्याही वेळी जातो. तिथे मानापमान आड येत नाही. देवाकडे तसं जायचं.

हे मनात पक्कं असेल तर पुढचं सगळं सोपं आहे. नसेल तर चिकाटीचा हट्ट होतो, आणि हट्टाची प्रार्थना महिनाभरात संपते.

एक वही, एक ओळ

शंभर पानी साधी वही घ्या. तिच्यात मागण्यांची यादी करू नका. पहिल्या महिन्यात एकच मागणं लिहा, तेही एका ओळीत. "सगळ्यांचं भलं कर" अशी ओळ चालणार नाही. भलं झालं की नाही, हे तुम्हाला कधी कळणारच नाही. "नवऱ्याला पगाराच्या दिवशी सरळ घरी आण." "अकरावीत नापास झालेल्या मुलीला पुन्हा अभ्यासाला बसण्याचं बळ दे." असं लिहा. डाव्या पानावर मागणं आणि तारीख. उजवं पान कोरं ठेवा. त्यावर काय घडलं ते जेव्हा घडेल तेव्हा लिहायचं, मागितल्यापेक्षा वेगळं घडलं तरी.

मला वही करायला सांगितली ती एका आज्जींनी. त्या अक्षरओळख नसलेल्या. नातवाकडून लिहून घ्यायच्या. त्यांच्या वहीत एका पानावर नुसतं 'जावई' एवढंच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, आज्जी, काय मागितलंय तेच लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, "ते नातवाला कशाला कळायला पाहिजे?"

वेळ सापडत नाही, ती एखाद्या कामाला बांधावी लागते

बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकायचा. त्याला ते जमायचं. तुम्ही सुरुवातीला एकदाच करा आणि सात-आठ मिनिटंच. पहिल्याच आठवड्यात पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करणारे मी पुष्कळ पाहिलेत. तिसऱ्या आठवड्यात ते दिसत नाहीत.

रोज आपोआप होणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना बांधून टाका. पहिल्या चहाच्या आधी, दुकानाचं शटर उघडण्यापूर्वी, पाळी सुरू होण्याआधी डबा ठेवतानाची पाच मिनिटं. फक्त नळाच्या पाण्याला बांधू नका. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी मध्यरात्रीही येतं, त्यामुळे त्या वेळेचा भरवसा नाही. हे विनोदाने सांगत नाही, एका ताईंनी खरंच तसं ठरवलं होतं.

जागाही ठरलेली हवी. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या घरात 'आतल्या खोलीत जा आणि दार लाव' हे वचन वाचून बायका हसतात. खोली नसेल तर कोपरा चालतो, गच्चीचा जिना चालतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सोलापुरात अर्धं शहर गच्चीवर झोपतं. पहाटे पाचला तिथे बसलात तर वाराही मिळतो आणि एकांतही. माझ्या ओळखीचा एक रिक्षावाला स्टेशनवर हुतात्मा एक्सप्रेसची वाट बघताना हँडलवर कपाळ टेकून प्रार्थना करतो. बाकीच्यांना वाटतं तो झोपलाय.

तू म्हणायचं की तुम्ही?

हा प्रश्न नवीन लोकांना अडवतो, पण लाजेपायी ते विचारत नाहीत. मराठीत आपण देवाला 'तू' म्हणतो. वारकरीही विठोबाला अरे-तुरे करतो. आपणही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून 'तुझे राज्य येवो' असंच म्हणतो. साहेबाला अहो-जाहो, आईला ए. इथे आईची रीत. घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत प्रार्थना करा, कन्नड असेल तर कन्नडमध्ये. आमच्या शुक्रवारच्या बैठकीत तिन्ही भाषा एकामागून एक चालतात आणि 'आमेन' सगळ्यांचं एकदम येतं. शास्त्रातल्यासारखी 'करितो, जातो, येवो' भाषा ओढूनताणून आणू नका.

शब्दच सुचत नसतील तर क्रम असा ठेवा : प्रभूची प्रार्थना ('हे आमच्या स्वर्गातील पित्या') सावकाश एकदा म्हणा, मग बायबलमधलं एक स्तोत्र वाचा, मग वहीतली ती ओळ, मग दोन मिनिटं गप्प. ओळ म्हणताना साधारण असं :

"बापा, कालचंच मागणं घेऊन आलोय. भावाची दारू सुटू दे. मला राग येतोय त्याचा, हेही तुला सांगतो. आज त्याच्याशी बोलताना माझं तोंड सांभाळ. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. येशूच्या नावाने, आमेन."

बघा, एवढंच. यात मागणं आहे, खरं बोलणं आहे आणि आज स्वतःला काय करायचं आहे तेही आहे. शेवटचा भाग सोडू नका. रोज तेच मागताना आपल्या वाट्याचं आजचं काम हळूहळू दिसायला लागतं.

मग कुणी मत्तयच्या सहाव्या अध्यायावर बोट ठेवतं : येशूनेच सांगितलंय ना, निरर्थक बडबड करू नका? सांगितलंय. पण त्याच मत्तयच्या २६व्या अध्यायात गेथशेमाने बागेत येशू स्वतः तीनदा प्रार्थना करतो, आणि तिसऱ्यांदा 'पुन्हा तेच शब्द' बोलून. शब्द तेच असले म्हणून बडबड होत नाही. शब्दांची संख्या वाढवली की देवावर वजन पडेल, असं समजून जे बोललं जातं ती बडबड. तापलेलं पोर रात्रभर 'आई, आई' म्हणतं, त्याला कोणी बडबड म्हणतं का?

कोरडे दिवस

साधारण चाळिसाव्या दिवसाच्या आसपास हे येतं. आकडा माझ्या अनुभवातला आहे, शास्त्रातला नाही. गुडघे टेकले जातात, ओठ हलतात, आत काही नसतं. डोक्यात किराणा, हप्ता, शेजाऱ्यांची भांडी. काहीजण या टप्प्यावर समजतात की विश्वास गेला.

गेलेला नसतो. स्तोत्र १३ काढा. पहिल्या दोनच वचनांत दावीद 'कोठवर?' असं चार वेळा विचारतो. ते तसंच्या तसं मोठ्याने वाचा, तीच त्या दिवसाची प्रार्थना. त्याहून वाईट दिवस असेल तर स्तोत्र ८८. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेतात, आशेचा सूर लावतात. हे नाही लावत. ते काळोखातच संपतं. असलं स्तोत्र कुणीतरी जपलं आणि शास्त्रात राहू दिलं, याचा मला वाईट काळात फार आधार वाटला आहे. आमच्याकडे प्रत्येक साक्षीचा, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगण्याचा, शेवट गोड करायची सवय आहे, त्यापेक्षा हे स्तोत्र खरं बोलतं.

आणि दिवस चुकतील. आठ दिवस चुकतील. एकदा मी मंडळीतल्या एका विणकर काकांपुढे खंत केली, की पंधरा दिवस वही उघडली नाही, आता कुठल्या तोंडाने बसू. त्यांनी जन्मभर चादरी विणलेल्या. म्हणाले, "धागा तुटला की आम्ही काय करतो? माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, माग सुरू. चादर फेकून देतो होय?" चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट प्रार्थना करू नका. आजची तारीख घाला, ओळ लिहा, बसा.

हन्नाची गोष्ट याच टप्प्यावर वाचायची (१ शमुवेल, पहिला अध्याय). वर्षानुवर्षं ती मूल मागते. मंदिरात तिचे नुसते ओठ हलताना बघून याजक एलीला वाटतं, बाई प्यायलेली आहे. ती त्याला धडपणे सांगते की मी मन मोकळं करत होते. नंतरचं वचन लोक घाईत ओलांडतात : ती उठून जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. मूल तेव्हा कुठे होतं? काहीच मिळालेलं नव्हतं. आधी ती जेवली.

चौघांत बसून

एकट्याची चिकाटी फार टिकत नाही. पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या सोबत मुली आणि बायका रोज एकत्र प्रार्थनेला जमत होत्या. एकीचा जोर ओसरला तरी बाकीच्यांमुळे प्रार्थना चालू राहते, तेच आमच्या आठ-दहा जणांच्या बैठकीतही होतं.

पहिल्यांदा घरगुती प्रार्थनासभेला येणार असाल तर धास्ती नको. एक गीत होतं, वचन वाचतात, मग कुणाच्या काय विनंत्या आहेत ते विचारतात, मग एकेकजण प्रार्थना करतो. तुमची पाळी आली आणि बोलायचं नसेल तर शेजारच्याच्या हाताला हलकेच स्पर्श करा, तो पुढे घेतो. एक वाक्य बोललात तरी पुष्कळ झालं. काही भाऊ वीस मिनिटं प्रार्थना करतात, त्यात देवापेक्षा आम्हालाच जास्त सूचना असतात. त्यांच्याशी तुलना करायची नाही. शेवटी चहा आणि बहुतेक वेळा शेंगाचटणी-कडक भाकरी असते, त्यामुळे उपाशी येऊन चालेल.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. सभेत सांगितलेली दुसऱ्याची विनंती व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. 'अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा' या निमित्ताने घरं मोडता मोडता राहिलेली मी पाहिली आहेत. मंडळीतल्या एकाच माणसाला आपली वहीतली ओळ सांगा, त्याची ओळ आपल्याकडे घ्या, आणि रविवारी एकमेकांना फक्त विचारा, "चालू आहे ना?"

मागणं बदलायचं कधी?

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं लांबवतो.

चिकाटी म्हणजे मरेपर्यंत एकच ओळ, असं शास्त्रात नाही. प्रेषित पौलाच्या शरीरात कसला तरी काटा होता. तो काढावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' काटा राहिला. पौलाने चौथ्यांदा मागितल्याचं लिहिलेलं नाही. मोशेचं तर आणखी स्पष्ट आहे. यार्देन नदीपलीकडचा देश बघू दे म्हणून तो गयावया करतो आणि देव म्हणतो, पुरे, याविषयी माझ्याशी पुन्हा बोलू नकोस (अनुवाद ३). डोंगरावर चढून लांबून बघायला मात्र सांगतो. ज्यांना प्रत्येक 'नाही'त स्वतःच्या विश्वासाची खोट दिसते, त्यांनी मोशेचा विश्वास किती होता ते आधी बघावं.

मग थांबायचं केव्हा आणि चिकटून राहायचं केव्हा? मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीतल्या ओळीला तीन प्रश्न विचारतो. ही गोष्ट मला अजून खरंच हवी आहे का? ती मिळाल्याने कुणाचं नुकसान होईल का? आणि मागता मागता त्या ओळीच्या मागचं खरं मागणं वेगळंच आहे, असं दिसलं का? बहुतेकदा तिसऱ्याला 'हो' येतं. "बदली सोलापुरात होऊ दे" या मागणीखाली "म्हातारी आई एकटी पडू नये" हे असतं. मग ओळ बदलायची. त्याला माघार म्हणत नाहीत.

संत ऑगस्टीनची आई मोनिका हिची हकिकत इथे बरोबर बसते. मुलगा भरकटलेला, ती वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती. एका बिशपाच्या ती इतकी मागे लागली की तोही वैतागला, त्या न्यायाधीशासारखाच, आणि वैतागूनच म्हणाला, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही, जा आता. पुढे मुलगा आफ्रिकेचा किनारा सोडून रोमला पळायच्या बेतात होता. ती रात्रभर प्रार्थना करत राहिली, देवा, त्याला जाऊ देऊ नकोस. सकाळी जहाज गेलेलं होतं. आणि त्याच इटलीत, मिलानमध्ये, ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीन स्वतः लिहितो, की त्या रात्रीचं मागणं देवाने नाकारलं ते तिचं नेहमीचं मागणं द्यायचं म्हणून. ती रात्र तिच्या वहीत कशी लिहिली गेली असती?

काही खबरदाऱ्या

बीपीची, शुगरची गोळी बंद करायची नाही. प्रार्थना आणि औषध एकाच दिवशी घेता येतं. उपास-प्रार्थना धरायची असेल तर मे महिन्यात पाण्याविना धरू नका. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि जेवणाऐवजी टीव्ही-मोबाइल सोडलात तरी तो उपासच. घरात मारहाण होत असेल तर नवरा सुधारावा म्हणून प्रार्थना करत तिथेच थांबू नका. आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा, प्रार्थना तिथूनही होते.

पैसे दिले की खास प्रार्थना करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. एकदा एका बाहेरून आलेल्या उपदेशकाने आजारी मुलाच्या आईला माझ्यासमोर सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडतोय. ती पुढे सहा महिने मंडळीत आली नाही. आजारी मुलीसाठी विनवणाऱ्या कनानी बाईचा विश्वास मोठा, असं येशूने तिच्या तोंडावर सांगितलं. कमी आहे म्हणून कुठल्या आईला त्याने दारातून परत पाठवलेलं नाही.

नवसाचं विचारतात. हे झालं तर अमुक करीन, हा सौदा आपल्याकडे अंगवळणी पडलेला असतो. हन्नानेही नवस केला होता, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. पण नवीन माणसाला माझा सल्ला : बाप म्हणवता त्याच्याशी करार करायची घाई करू नका. द्यायचं असेल तर आजच द्या, अटीशिवाय.

पहिला आठवडा

सोमवारी वही आणा आणि ओळ लिहा. मंगळवारी वेळ-जागा ठरवा. बुधवारपासून सात मिनिटं. शुक्रवारी कुठल्यातरी बैठकीला जा, मागे बसा. रविवारी भक्तीनंतर एका माणसाला ओळ सांगा. उजव्या पानावर आठवडाभरात काही लिहायला मिळणार नाही, ते गृहीत धरा. प्रेषितांची कृत्यं, बारावा अध्याय : तुरुंगातल्या पेत्राच्या सुटकेसाठी घर भरून लोक प्रार्थना करत होते, पेत्र सुटून दार ठोठावत होता, आणि रुदा नावाच्या पोरीने ते सांगितलं तर सगळे तिलाच म्हणाले, तुला वेड लागलंय. म्हणून प्रार्थना चालू असताना कुणी दार वाजवलं, तर उठून बघून यायचं.

माझी ही तिसरी वही आहे. पहिलीच्या पहिल्या पानावर भावाचं नाव आहे, ते दुसरीत उतरवलं, तिसरीतही उतरवलं. मधल्या काळात ओळ दोनदा बदलली. आधी 'दारू सोडव' होती, मग 'जिवंत ठेव' झाली, आता 'आम्हाला एका ताटात जेवू दे' अशी आहे. गड्ड्याच्या जत्रेत यंदा तो भेटला, माझ्या नातीला त्याने पाळण्यात बसवलं. उजव्या पानावर तेवढंच लिहिलंय, तारखेसह. खाली बरीच जागा शिल्लक आहे.